गाडीतल्या ड्रॉवरांसाठी, सुतारकाकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही विषय दुसरीकडे नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांच्या देखत. वायरिंग-प्लंबिंगची कामं घेणारे कितीतरी जण अजून हत्यारं गोणीत नि क्रेटमध्ये टाकून गाडी चालवतात. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्याही कानावर जावं, एवढीच त्यात आणखी एक इच्छा.

माझ्या कामाच्या गाडीत हत्यारांसाठी ड्रॉवर करायचे म्हणून मी आलो, तेव्हा तुम्ही टेप हातात घेतलाच नाही. आधी सगळी हत्यारं जमिनीवर मांडायला लावलीत. मग तीन ढीग: सारखी हातात असणारी, दिवसातून एकदा तरी लागणारी आणि कधीमधी निघणारी. त्यानंतर वजनकाटा मागवलात आणि प्रत्येक ढीग तोलायला लावलात. म्हणालात, "कपाट घरात एका जागी उभं असतं. हे पळणार, वळणार, ब्रेकला धक्का खाणार. आधी वजन सांग, लांबी-रुंदी मागनं बघू."

पुढचं सगळं काम या एका बोलण्यातून उभं राहिलं. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागला, तर ४० किलोचा भरलेला ड्रॉवर तीस-बत्तीस किलोच्या जोराने पुढे रेटतो. आणि पुढे आम्हीच बसलेले असतो. टक्कर झाली तर तो जोर कितीतरी पटींनी वाढतो. सीटच्या मागे काय ठेवलंय याचा विचार आमच्यातले फार थोडे करतात. तुम्ही तो पहिल्याच दिवशी माझ्या बायकापोरांचं नाव घेऊन करायला लावलात. काका, याचे आभार कसे मानू?

हॅमर ड्रिल, कटर, पाइप रेंच, बोल्टचे डबे असं सगळं जड सामान तळाच्या ड्रॉवरमध्ये आणि शक्यतो मागच्या चाकांच्या पुढे. टेस्टर, टेप, कनेक्टर वर. प्लायसुद्धा तुम्ही वजनातच मोजलात. १८ मिमीचा आठ बाय चारचा अख्खा ताव ३५ किलोच्या आसपास भरतो, म्हणून सांगाडा तेवढा १८ मिमीचा आणि ड्रॉवरच्या पेट्या १२ मिमीच्या. गाडीने किती भार न्यायचा हे ठरलेलं असतं, त्यातला निम्मा लाकडानेच खाल्ला तर माल कशात भरायचा, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पेटीचा तळ मात्र खालून नुसता ठोकू दिला नाहीत. चारी बाजूंना खाच पाडून त्यात बसवायला लावलात, कारण खड्ड्यागणिक सगळा भार तळावरच आदळतो.

चॅनेलचा, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांचा, धडा तर प्रत्येकाने शिकावा असा आहे. पाकिटावर ४५ किलो लिहिलेलं असतं, ते दोन्ही चॅनेलच्या जोडीचं, एकेकाचं नाही. शिवाय ते उभं, बाजूला बसवलं तर. तेच आडवं टाकलं की क्षमता बरीच घटते. तळाच्या ड्रॉवरांना म्हणून तुम्ही जड कामाचं, आत आणि बाहेर दोन्हीकडे लॉक होणारं चॅनेल निवडलंत. बाहेर लॉक होण्याची किंमत उतारावर कळते. गाडी कलती उभी असताना उघडा ड्रॉवर आपोआप परत येऊन बोटांवर बसत नाही. घरातल्यासारखं सॉफ्ट-क्लोज गाडीत घालू नये, हे माझंही आता ठाम मत झालंय. हळू मिटणारा ड्रॉवर आणि घट्ट धरलेला ड्रॉवर यात मोठा फरक आहे, आणि गाडीला दुसरा लागतो.

साध्या बॉल-बेअरिंग चॅनेलला दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण १२.७ मिमी जागा लागते, जड चॅनेलला त्याहून जास्त. पेटीचं माप काढताना तुम्ही दर वेळी मिलिमीटरभर कमीच धरायला लावलंत. पेटी अरुंद झाली तर चॅनेलच्या मागे पातळ पट्टी देता येते, रुंद झालेली पेटी तासतच बसावी लागते.

सांगाडा बसवायच्या दिवशी तुम्ही पिशवीतून लेव्हल काढलीच नाही. गाडी स्प्रिंगवर उभी, खालची जमीन कलती, लेव्हल कोणाला विचारणार? काटकोन बघायचा गुण्या आणि टेप, बस्स. एका कोपऱ्यावर टेपचं टोक मी धरायचं, समोरच्या कोपऱ्यावर तुम्ही आकडा वाचायचा, मग दुसरा कर्ण. दोन आकडे जुळेपर्यंत तुम्ही एकही स्क्रू पूर्ण आवळू दिला नाहीत. हाताच्या तळव्याने सांगाड्याला हलकी थाप द्यायची, पुन्हा मोजायचं. चाकावरचा उंचवटा आणि पत्र्याची वाकडी भिंत यांच्याशी तुम्ही भांडला नाहीत. सांगाडा सरळ ठेवलात आणि मागे उरलेल्या फटीत माझे लांब पाइप नि पट्ट्या उभ्या केल्यात.

गाडीच्या तळाला भोक पाडण्याआधी स्वतः गाडीखाली आडवे झालात, या वयात. टाकी कुठे आहे, ब्रेकचे पाइप, वायरी कुठून जातात ते खडूने आखलंत. मगच आरपार बोल्ट, खालून रुंद पट्टी, आणि प्रत्येक भोकाच्या कडेला रंग, गंज धरू नये म्हणून. पत्र्यात नुसते स्क्रू मारून सांगाडा उभा करणारे मी खूप पाहिलेत. भरलेला लांब ड्रॉवर पूर्ण बाहेर आला की सांगाडा सीटकडच्या बाजूने उचलू पाहतो, आणि तेव्हा पत्र्यातले स्क्रू भरवशाचे नसतात.

हँडलऐवजी बोट घालून ओढायच्या लॅचसाठी तुम्ही प्रत्येक दर्शनी फळीत जी गोल भोकं केलीत, त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून आतून अंगठा फिरवून पाहत होतात. रोज त्यात बोटं जातात. एकदाही कूस लागलेली नाही. चढावर गाडी ओढताना ड्रॉवर मागे यायला बघतात, पण लॅच सोडत नाही.

आता कामावर पोचलो की गाडीत चढून वाकून शोधणं नाही. मदतनीस मागच्या दाराशी उभा राहूनच हवं ते काढतो. संध्याकाळी ड्रॉवरमधला एखाद्या हत्याराचा साचा रिकामा दिसला की हत्यार साइटवर राहिलंय हे निघण्याआधीच कळतं. कंबर दुखायची थांबली. आणि ब्रेक मारल्यावर मागून तो खडखडाट येत नाही.

एक विनंती आहे. त्या मदतनिसाने आता स्वतःची छोटी गाडी घेतलीय. त्याची हत्यारं मांडून, तोलून झालीत, मापं कागदावर उतरवलीत. सवडीने एकदा त्या कागदावर नजर घालाल का? प्लाय अजून कापलेला नाही.

तुमचा,
तुमच्याकडे शिकलेला एक कंत्राटदार