प्रकल्प अहवालाबरोबर सुपूर्तीलाही गुण द्यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्रातील संशोधन प्रकल्प मी पुण्यातील एका जनुकशास्त्र प्रयोगशाळेत नुकताच पूर्ण केला. अहवाल सादर झाला, तोंडी परीक्षाही झाली. परंतु आपल्याकडे प्रकल्प ज्या रीतीने संपवले जातात, विशेषतः त्यांच्या सुपूर्तीविषयी, म्हणजे काम पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवण्याविषयी, लिहिणे मला अगत्याचे वाटते.

आमचे काम फळमाशीवर होते. २५ अंश सेल्सिअस तापमानाला अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला सुमारे दहा दिवस लागतात, म्हणून विद्यार्थ्यांसाठी ती सोयीची मानली जाते, आणि ते खरेही आहे. मात्र दोन उत्परिवर्तने (जनुकांतील बदल) एकाच माशीत आणायची तर अनेकदा तीन-चार पिढ्यांचे संकर करावे लागतात. प्रत्येक संकरासाठी माद्या कोषातून बाहेर पडल्यापासून साधारण आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात, कारण नराशी एकदा मीलन झालेली मादी त्याचे शुक्राणू साठवून ठेवते आणि मग पुढील संतती कोणत्या नराची, याची खात्री उरत नाही. हवी ती माशी हाती येईपर्यंत महिना-दीड महिना सहज उलटतो आणि प्रयोग रंगात येतो तोच अहवालाच्या बांधणीची घाई सुरू होते.

अहवाल कपाटात राहतो. माश्यांचे तसे नसते. बहुतेक प्रयोगशाळांत माश्यांचे हे वंश, म्हणजेच स्टॉक, जिवंतच सांभाळले जातात: १८ अंशांवर ठेवून, दर तीन-चार आठवड्यांनी मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि अगर यांच्या ताज्या खाद्यावर हलवून. विद्यार्थी निघून गेल्यावर हे काम कोणी हाती घेतले नाही, तर तो वंशच संपतो. मला मिळालेल्या ट्रेमधील काही नळ्यांवर केवळ दोन आद्याक्षरे आणि एक तारीख होती. माश्यांचे पंख वर वळलेले दिसत होते, त्यावरून दुसऱ्या गुणसूत्राच्या जोडीत एक बॅलन्सर (उत्परिवर्तन पिढ्यानपिढ्या टिकवण्यासाठी वापरले जाणारे खास गुणसूत्र) आहे, इतका अंदाज बांधता आला. जोडीतील उरलेल्या गुणसूत्रावर कोणते उत्परिवर्तन आहे, हे नुसते पाहून कळणे शक्य नव्हते. नोंदवही आधीच्या विद्यार्थ्याबरोबर गेली होती. अखेर त्या नळ्या टाकून देऊन सगळे संकर नव्याने करावे लागले. यात त्या विद्यार्थ्याचा मी फारसा दोष मानत नाही, कारण सुपूर्ती नीट करा, असे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्या कामाला गुणही नव्हते.

ज्या प्रयोगांत अपेक्षित फरक दिसत नाही, त्यांचीही हीच गत होते. ते अहवालातून गळतात आणि पुढचा विद्यार्थी तेच पुन्हा करतो.

म्हणून प्रकल्पाचे शेवटचे दोन आठवडे सुपूर्तीसाठी राखून ठेवावेत, मूळ नोंदवही प्रयोगशाळेत आणि तिची प्रत विद्यार्थ्याकडे राहावी, प्रत्येक स्टॉकचे पूर्ण जनुकप्ररूप (कोणत्या गुणसूत्रावर कोणते उत्परिवर्तन आहे, याची नोंद) लिहिलेली यादी मार्गदर्शकांच्या सहीने जमा व्हावी आणि या कामाला मूल्यमापनात स्वतंत्र गुण असावेत. पुढील तुकडीचे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी अभ्यास मंडळांनी हा विषय चर्चेला घ्यावा, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, पुणे