शर्यतीच्या नौकेवरची प्रयोगशाळा

महोदय,

शिडाच्या नौकेतून एकट्याने, कुठेही न थांबता व बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या फ्रान्समधील ‘व्हाँदे ग्लोब’ शर्यतीत वजनाच्या प्रत्येक किलोचा हिशेब होत असताना, जर्मनीच्या बोरिस हेरमान यांनी २०२०-२१ मध्ये पाण्यातील कार्बन डायऑक्साइड, तापमान आणि क्षारता मोजणारी उपकरणे सोबत नेली, हे मला त्यांच्या क्रमांकाहून मोठे वाटते. संशोधन जहाजे क्वचितच जातात अशा, पण हवेतील कार्बन मोठ्या प्रमाणावर शोषणाऱ्या दक्षिण महासागरातील या नोंदी शास्त्रज्ञांसाठी मोलाच्या आहेत. २००५ मध्ये एकल प्रदक्षिणेचा विक्रम करणाऱ्या ब्रिटनच्या एलेन मॅकआर्थर यांनीही पुढे शर्यती सोडून पुनर्वापराच्या अर्थव्यवस्थेसाठी संस्था उभारली. आपल्या क्रीडापानांनी विजेत्यांच्या वेळेसोबत या कार्यालाही जागा द्यावी, ही आग्रहाची विनंती.

— एक वाचक