बीपी तर नॉर्मल होतं

कोल्हापूर,
रविवार रात्र

प्रिय सुमन,

तब्येत बरी आहे. गोळी वेळेवर घेते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, आता ती टीव्हीवरच्या बायकांच्या साड्यांचे काठ ओळखते. हे बाकीचं फोनवर निम्मंच सांगून झालं असतं, म्हणून लिहायला बसले.

गुरुवारी आमच्या वॉर्डात एक बाई होती. सकाळी गर्भपिशवीचं ऑपरेशन झालेलं. करवीर तालुक्यातली, उसात राबणारी, काटक. संध्याकाळी बीपी ११८/९२. ड्रेसिंगवर थेंबभरसुद्धा डाग नाही. ज्युनिअर डॉक्टरांनी हिमोग्लोबिन करून घेतलं, ते ऑपरेशनआधी होतं तेवढंच, १०.८. "बाई घाबरलीय, झोपेचं इंजेक्शन द्या," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. बाई उशीवर डोकं इकडून तिकडे करत होती आणि पाणी मागत होती.

पाणी मागत होती, सुमे. मला एकदम आपण शिकत असतानाची, सतरा नंबरच्या खाटेवरची आक्का दिसली. तीच मान, तेच "पोरी, घोटभर दे की गं." हे दुसऱ्या कुणाला सांगू? घरी सांगितलं तर म्हणतील, जुनं कशाला उगाळतेस.

मी काही बोलायच्या आत आमच्याकडची एक विद्यार्थिनी त्या खाटेपाशी उभी होती. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, दुसरं वर्ष, चंदगडकडची पोर, तिला तेजू म्हणूया. वर्गात मागच्या बाकावर बसते, मार्क जेमतेम. तिनं बाईचं मनगट धरलं होतं आणि नजर बाईच्या पोटावर. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडलं नाही, कारण तिला श्वास मोजायचे होते आणि माणसाला कळलं की तो श्वास बदलतो. ॲप्रनला लावलेल्या घड्याळाचा काटा पुरता एक फेरा होईपर्यंत ती हलली नाही. मग बाईच्या बोटाचं नख दाबून सोडलं. नख पांढरं झालं ते पांढरंच राहिलं, लाली यायला वेळ लागला. पायाला हात लावला, गार. खाली वाकून लघवीच्या पिशवीवरची रेघ बघितली. आणि माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, नाडी ११८ आहे, श्वास २६. सकाळी बीपीच्या दोन आकड्यांत ४८ चं अंतर होतं, आता २६ राहिलंय. तासाभरात लघवी वीस एमएलपण नाही. आतनं रक्त जातंय काय?"

सुमे, अंगावर काटा आला. बरोबर तेच होत होतं. सर्जनना थेट फोन केला, ते आले, बाईला परत आत घेतलं. एका रक्तवाहिनीचा टाका निसटला होता आणि पोटात लिटरभर रक्त साठलं होतं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. आज बाईनं पेज खाल्ली आणि नवऱ्यावर ओरडली, म्हणजे बरी आहे.

आता बीपी नॉर्मल का होतं ते बघ. तुला ठाऊक आहे, तरी मला सगळं ओळीनं लिहून काढायचंय. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साडेतीन लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं पंधरा टक्क्यांपर्यंत गेलं तर बाहेरून फारसं काही दिसत नाही. पंधरा ते तीस टक्के गेलं की नाडी पळायला लागते, पण वरचं बीपी तग धरून असतं. ते कोसळतं साधारण तीस टक्क्यांच्या पुढे. म्हणजे बीपी पडायची वाट बघणाऱ्यानं लिटरभर रक्त आधीच घालवलेलं असतं.

मुलींना मी हे उन्हाळ्यातल्या पाण्यावरून सांगते. टाकीत पाणी कमी असलं की चावीवाला गल्लीबोळातल्या चाव्या आवळतो, म्हणजे मेन लाईनचा दाब टिकतो. मेन लाईनवर काटा लावला तर सगळं ठीक दिसतं, आणि गल्लीत बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असतात. आपलं शरीर हेच करतं. रक्त कमी झाल्याचं गळ्यातल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांमधल्या संवेदकांना कळतं, अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात धावतं आणि कातडी, आतडी, मूत्रपिंडं यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रक्त मेंदूसाठी आणि हृदयासाठी राखलं जातं. म्हणून पाय गार, म्हणून लघवी कमी. वाहिन्या आवळल्या म्हणून खालचा आकडा चढतो, दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त घटतं म्हणून वरचा उतरतो, आणि मधलं अंतर आटतं. ज्या पेशींना प्राणवायू पुरत नाही त्या लॅक्टिक अॅसिड तयार करतात. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचा तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकावा लागतो, म्हणून श्वास भराभर. तहान लागते कारण शरीर मिळेल तिथून पाणी मागतं. आणि हिमोग्लोबिन तेवढंच, कारण रक्त जाताना पाणी आणि पेशी एकाच प्रमाणात जातात. आजूबाजूच्या पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी वाहिन्यांत ओढलं गेलं, सलाईन चढलं, की मग आकडा उतरतो.

हे सगळं आपल्याला आक्काच्या वेळी कुणी सांगितलं होतं? शॉक म्हणजे अंगभर पुरेसं रक्त न पोचणं, आणि आपल्याला पाठ होती ती नुसती यादी. "शॉकची लक्षणे : थंड घामट त्वचा, जलद नाडी, अस्वस्थता, तहान." तू तर झोपेतसुद्धा म्हणून दाखवायचीस. आणि तीच चारही लक्षणं आपल्या डोळ्यासमोर खाटेवर पडली होती. आपण दोघी कोवळ्या पोरी, चार्टवर बीपी बरोबर, वरचे सगळे म्हणाले ठीक आहे. पहाटे काय झालं ते लिहीत नाही. त्यानंतर तू मेसच्या मागच्या पायरीवर बसली होतीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, हे मात्र मी अजून विसरले नाही. (भडंगाचा डबा मीच संपवला होता म्हणून बोलत नाहीस असं लीलाला वाटत होतं. तो डबा तिनंच संपवला होता, हे आता सांगायला हरकत नाही.)

तेव्हापासूनचं आपलं भांडण तुला आठवतं. तू म्हणायचीस, कारण शोधणं डॉक्टरांचं काम, आपण नोंद करायची आणि कळवायचं. मी म्हणायचे, कारण माहीत नसेल तर नोंदायचं काय हे तरी कसं कळणार? गुरुवारच्या चार्टवर बाकी सगळ्या खाटांसमोर श्वास "२०" लिहिलेला होता. ओळीनं वीस, वीस, वीस. कुणी मोजलेच नव्हते. श्वास हा बिघाडाचा पहिल्या काही निशाण्यांतला एक, आणि आपल्याकडे तो सगळ्यात कमी वेळा मोजला जातो. हे आळसानं होत नाही गं. तो आकडा काय सांगतो हेच मुलींना कुणी सांगत नाही.

आता माझी खरी काळजी. दुसऱ्या दिवशी तेजूला वरच्यांनी बोलावून घेतलं. चांगलं केलंस म्हणायला नाही, तर "स्टुडंटनं निदान करायचं नाही" हे ऐकवायला. मी तिथं होते, जे बोलायचं ते बोलले. पण पोरगी खचली. काल हॉस्टेलच्या जिन्यात मला म्हणाली, "सिस्टर, मी बीए करते, घरी जाते." तिच्या वडिलांनी काजूच्या बागेवर कर्ज काढून तिला इथं घातलंय. वर्गात इंग्रजी पुस्तक उघडलं की तिचा चेहरा मिटतो, आणि मराठीत एकदा समजावलं की ती असे प्रश्न विचारते की मला घरी जाऊन वाचावं लागतं.

ड्युटी संपल्यावर मी चार-पाच जणींना वॉर्डातच घेऊन फिरते. मागच्या आठवड्यात तीन खाटांवरच्या तीन सुजा दाखवल्या. एका आजोबांचं हृदय थकलेलं, रक्त मागे तुंबतं, शिरांतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर ढकललं जातं. नडगीवर अंगठा दाबला तर खड्डा तसाच. दुसऱ्याचं लिव्हर गेलेलं. ते अल्ब्युमिन हे प्रथिन तयार करतं, आणि रक्तात पाणी धरून ठेवायचं मोठं काम अल्ब्युमिनचं. ते १०० एमएल रक्तद्रवात साडेतीन ग्रॅमच्या खाली फार उतरलं की पाणी वाहिनीत टिकत नाही, पोटात आणि पायात उतरतं. तिसऱ्या बाईचं स्तनाचं ऑपरेशन झालेलं, काखेतल्या गाठी काढलेल्या, त्यामुळे लिम्फ, म्हणजे पेशींभोवतालचं जादा पाणी, वाहून न्यायला वाट नाही, म्हणून एकच हात सुजलेला. तेजूनं विचारलं, "मग तिघांना लघवीची गोळी देऊन कसं चालेल?" सांग, असा प्रश्न आपण कधी विचारला होता?

होमिओस्टॅसिस हा शब्द पहिल्यांदा वापरला तो अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी, १९२६ मध्ये. त्याआधी पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन त्यांनी जखमी सैनिकांच्या शॉकचा अभ्यास केला होता. मुलींना व्याख्या पाठ असते, "अंतर्गत वातावरणाचा समतोल". पण समतोल राखायला शरीर किती झगडतं हे एका खाटेपाशी उभं राहून बघितलं की पाठ करावं लागत नाही. आजारात दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी म्हणजे शरीराची स्वतःला वाचवायची धडपड असते. आक्काची नाडी पळत होती ती तिला वाचवायला पळत होती, सुमे.

उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी मीटिंग आहे. मी मागणार आहे की आठवड्यातून एक तास वॉर्डात, खाटेपाशी, मराठीत "असं का होतं" एवढंच शिकवायला मिळावं. परीक्षेच्या तयारीचा वेळ जातो म्हणतील. गुरुवारचा चार्ट मी सोबत नेणार आहे. तू आता तिकडे मस्कतला मुलींना शिकवतेस, तुमच्याकडे हे कसं बसवलंय ते दोन ओळीत कळव. आपलं जुनं भांडण तुझ्या बाजूनं पुन्हा मांडलंस तरी चालेल. मीटिंगमध्ये तेच ऐकायचंय, आधी तुझ्याकडून ऐकलं तर उत्तर तयार होईल.

ओमची दहावी कशी चाललीय? गणिताची धास्ती गेली का? भाऊजींच्या बदलीचं काय झालं? मस्कतची हवा तुझ्या दम्याला मानवत नसेल तर तसं स्पष्ट सांग, उगाच सहन करत बसू नकोस. लीलाची मुलगी सांगलीला लागली.

आणि एक काम. तेजूला फोन कर. नंबर मी वेगळा पाठवते. रात्री साडेआठनंतर ती खोलीवर असते. माझं ऐकून ती मान डोलावते, पण मी तिची सिस्टर पडले, मी राहा म्हणणारच. तू तिला ओळखत नाहीस, म्हणून तुझं ऐकेल. राहा असं लगेच म्हणू नकोस. त्या संध्याकाळी तिनं काय काय बघितलं ते तिच्याच तोंडून सांगायला लाव आणि मध्ये बोलू नकोस, तुला ती सवय आहे. मीटिंगच्या सोमवारच्या आत कर.

तुझी,
विजू

ता.क. भडंग कुरिअरनं पाठवतेय. कांदा-लसूण मसाला पण घालू का? डब्याचं माप कळव.