धीर न दिल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मानसोपचार संपल्यावर उपचारकाला आभाराचे चार शब्द लिहून पाठवावेत, अशी रीत आहे. हे पत्र मात्र मी जाणूनबुजून खुले ठेवतो आहे, कारण यातला मजकूर माझ्यासारख्या इतरांच्याही उपयोगी पडेल असे मला वाटते. माझ्यासारखे म्हणजे ज्यांचे बाहेरून सगळे उत्तम चालले आहे असे लोक: कामे मुदतीच्या आधी पूर्ण, बैठकीत आवाज स्थिर, वरिष्ठांचा विश्वास, घरच्यांना कशाची तोशीस नाही, आणि आत मात्र अष्टौप्रहर धाकधूक. अशा माणसाने कधी कोणाजवळ मन मोकळे केलेच, तर समोरून ठरलेला प्रश्न येतो, "तुला काय कमी आहे?" विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही, पण ऐकणारा त्यानंतर पुन्हा म्हणून तोंड उघडत नाही.

आपण हा प्रश्न विचारला नाहीत, त्याबद्दल आभार आहेतच. पण मला ज्या गोष्टीबद्दल विशेष आभार मानायचे आहेत, ती ऐकून अनेकांना नवल वाटेल. आपण मला धीर दिला नाहीत.

पहिल्या भेटीत मला याचा थोडा रागच आला होता. आपण माझ्या हातात सात प्रश्नांची चाचणी ठेवलीत. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटणे, काळजी आवरता न येणे, चिडचिड होणे असे त्रास किती वेळा झाले, याला प्रत्येकी 0 ते 3 गुण आणि एकूण 21. 5, 10 आणि 15 या गुणांपासून सौम्य, मध्यम आणि तीव्र त्रासाचे टप्पे सुरू होतात, हे सांगताना आपण हेही बजावलेत, की ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. थायरॉइडचे कार्य वाढले, तरी छातीत धडधड आणि हातांना कंप सुटतो, म्हणून आधी रक्ताची तपासणी करून घ्या, असेही सुचवलेत. 'हाय-फंक्शनिंग अँक्झायटी', म्हणजे बाहेरून सगळे सुरळीत दिसत असताना आत असणारी चिंता, हे लेबल मी स्वतःला आधीच लावून आलो होतो. मानसिक आजारांच्या डीएसएम-5 या 2013 सालच्या वर्गीकरणात असे कोणतेही निदान नाही, हे मला आपल्याकडूनच समजले. त्यात आहे तो सार्वत्रिक चिंताविकार, आणि त्यासाठी किमान सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी असावी लागते. कामात खंड पडलेला नसला, तरी मनस्ताप पुरेसा मोठा असेल तर ते निदान होऊ शकते, हे वाक्य आपण सहज बोलून गेलात. माझ्यासाठी मात्र ते फार मोलाचे होते, कारण काम कोलमडल्याशिवाय मदत मागण्याचा आपल्याला हक्क नाही, असे मी तोवर धरून चाललो होतो.

विचार आणि वर्तन तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या या उपचारपद्धतीची (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, सीबीटी) ओळखही आपण मोजक्या शब्दांत करून दिलीत. 1960च्या दशकात फिलाडेल्फियात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक हे मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले. आपल्या रुग्णांच्या बोलण्याच्या कडेने सतत काही झटपट, स्वतःला खाली खेचणारे विचार धावत असतात आणि भावना त्या विचारांमागून येतात, हे त्यांच्या लक्षात आले. त्याआधी, 1950च्या दशकाच्या मध्यावर, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी साधारण याच दिशेची विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती. हा इतिहास मला आवडला, कारण मी वाचून समजून घेणारा माणूस आहे. आणि नेमक्या त्याच कारणाने आपण तो लवकर आवरता घेतलात. पुस्तकी समज वाढवत बसणे ही माझ्यासारख्यांची आवडती पळवाट असते, हे आपल्याला चांगलेच ठाऊक होते.

त्यानंतरची एक भेट मला पूर्ण आठवते. अहवालात चूक राहील या भीतीने रात्र गेली, असे मी सांगितले. "राहिली तर काय होईल?" आपण विचारलेत. वरिष्ठांच्या नजरेस येईल. "आल्यावर?" त्यांना मी हलगर्जी वाटेन. "आणि तसे वाटले, तर त्याचा आपल्या लेखी अर्थ काय?" मी बराच वेळ गप्प राहून म्हणालो, की आजवरचे सगळे यश हा एक लांबलेला योगायोग होता, हे उघड होईल. इथे दुसऱ्या कोणीही "छे, असे काही नाही, तुम्ही किती हुशार आहात" असे म्हटले असते. आपण ते वाक्य माझ्याच शब्दांत कागदावर उतरवून घेतलेत आणि त्याच्याखाली मला लिहायला लावलेत, की त्यावर आपला या क्षणी किती टक्के विश्वास आहे. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली, मोठे यश मिळवलेल्या स्त्रियांमध्ये असाच तोतयेपणाचा भाव आढळतो असे नोंदवले होते, हे सांगून आपण मला एवढेच सुचवलेत, की हा विचार माझ्या एकट्याच्या मालकीचा नाही.

धीर का देत नाही, हे आपण पुढे एकदा स्पष्ट केलेत, आणि मला वाटते, माझ्या उपचारातला सगळा अर्थ त्या स्पष्टीकरणात आहे. धीर मिळाला की चिंताग्रस्त माणसाला तासभर बरे वाटते. मग शंका परत येते आणि तो पुन्हा विचारायला जातो. ईमेल पाठवण्याआधी अनेकदा वाचणे, सादरीकरणाची गरजेच्या तिप्पट तयारी करणे, बैठकीनंतर सहकाऱ्याला "बरे झाले ना?" असे विचारणे, ही सारी त्याचीच भावंडे. यांना या पद्धतीत 'सुरक्षा वर्तन' म्हणतात. सामान्य समजूत अशी, की यश मिळत गेले की आत्मविश्वास आपोआप वाढतो. माझ्या बाबतीत ते कधीच का घडले नाही, याचे उत्तर मला इथे मिळाले. प्रत्येक वेळी काम उत्तम झाले, की त्याचे श्रेय माझ्या कौशल्याला मिळण्याऐवजी रात्रभराच्या जागरणाला मिळे. संकट आले नाही ते संकट नव्हतेच म्हणून नव्हे, तर मी इतकी खबरदारी घेतली म्हणून टळले, असा हिशेब मन मांडत असे. त्यामुळे यशाच्या राशी लागल्या तरी भीतीच्या विरोधातला एकही पुरावा जमा होत नव्हता. उलट काळजी हेच आपले इंधन आहे, ती संपली की गाडी जागच्या जागी थांबेल, हा समज दर यशागणिक पक्का होत होता. अशा माणसाला शाबासकी देणे म्हणजे त्याच्या जागरणाला शाबासकी देणे, हे आपण ओळखले होते.

म्हणून आपण वाद घातला नाहीत, प्रयोग लावून दिलेत. प्रयोग मुद्दाम लहान होते आणि त्यात दुसऱ्या कोणाचे नुकसान होता कामा नये, अशी आपली अट होती. काय होईल याचे भाकीत आधी लिहायचे, ते खरे ठरण्याची खात्री टक्क्यांत नोंदवायची, मग कृती करायची आणि घडले ते जसेच्या तसे लिहायचे. अंतर्गत कामाचे ईमेल एकदाच वाचून पाठवणे हा पहिला. एका बिनमहत्त्वाच्या ईमेलमध्ये ऱ्हस्व-दीर्घाची चूक मुद्दाम ठेवणे हा दुसरा. कोणीतरी नक्की बोट ठेवेल, असे मी खात्रीने लिहिले होते. कोणाच्या लक्षातही आले नाही. मी विजयी मुद्रेने हे सांगितल्यावर आपण म्हणालात, "लक्षात आले असते तर काय झाले असते, ते अजून तपासायचे राहिले आहे." मग आला तो मला सर्वांत अवघड वाटलेला प्रयोग: भर बैठकीत, उत्तर खरोखर ठाऊक नसलेल्या प्रश्नाला "मला आत्ता माहीत नाही, बघून सांगतो" असे म्हणायचे आणि पुढे एक शब्दही सारवासारवीचा जोडायचा नाही. माझ्या भाकितात भुवया उंचावल्या होत्या, शांतता पसरली होती. प्रत्यक्षात समोरचे गृहस्थ "चालेल, उद्या कळवा" असे म्हणाले आणि विषयपत्रिकेवरचा पुढचा मुद्दा सुरू झाला. माझे तळहात मात्र पुढचा बराच वेळ ओले होते. तेही आपण नोंदवून घेतलेत, कारण भीती वाटत असतानाही कृती करता येते, हा त्या प्रयोगाचा तितकाच महत्त्वाचा निष्कर्ष होता.

काळजीसाठी रोज ठरावीक वेळ आणि जागा राखून ठेवण्याचा उपायही आपण दिलात. तो मानसशास्त्रज्ञ टॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली अभ्यासला होता, असे आपण सांगितलेत. रात्री मनात येईल ते कागदावर टिपून दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या तासावर ढकलायचे, आणि तो अर्धा तास आला की त्यातले निम्मे विषय शिळे झालेले असायचे. श्वासाचे व्यायाम मला तेव्हाही कंटाळवाणे वाटले आणि आजही वाटतात. त्याचा आपण आग्रह धरला नाहीत, हे बरे केलेत.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. विचारांच्या नोंदीचा गृहपाठ मी पट्टीने रेघा आखून, रंगीत रकाने करून आणत असे: प्रसंग, भावना, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरोधातला पुरावा, अधिक समतोल विचार. आपण तो तक्ता हातात घेतलात, मजकूर वाचलाच नाहीत आणि विचारलेत, "हे पुन्हा लिहून काढले का?" पुढच्या वेळी पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलने, खाडाखोडीसह आणा, असे आपण सांगितलेत आणि एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवायला लावलात. उपचारही मी परीक्षेसारखाच देतो आहे, हे माझ्या आधी आपल्या ध्यानात आले होते. तो चुरगळलेला कागद आपल्यासमोर ठेवताना मला जी लाज वाटली, तिच्यावरच ती सबंध भेट गेली. आणि माझ्या मते सर्वाधिक काम त्याच दिवशी झाले.

या पद्धतीबद्दल बाहेर एक गैरसमज आहे, की यात माणसाला गोड विचार करायला शिकवतात. आपल्याकडे मला एकही गोड विचार मिळाला नाही. 'मी सर्वोत्तम आहे' हे वाक्य 'मी तोतया आहे' या वाक्याइतकेच बिनपुराव्याचे असू शकते, ही आपली भूमिका होती. ही पद्धत सर्वांना सारखीच लागू पडते असा दावाही आपण केला नाहीत. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडून औषधाचा सल्ला घेऊ, त्यात कमीपणा काही नाही, हे आपण सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगून ठेवले होते. माझ्यासारख्या कोणाला हे पत्र वाचून मदत घ्यावीशी वाटली, तर त्याने उपचारकाला पहिल्याच भेटीत दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: भेटींच्या मधल्या काळात मी काय करायचे आहे, आणि सुधारणा होते आहे की नाही हे आपण कसे पाहणार आहोत. या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे तयार असतात, त्याच्याकडे पुन्हा जायला हरकत नाही.

शेवटच्या टप्प्यात आपण भेटींमधले अंतर वाढवत नेलेत आणि त्रास परतण्याची चिन्हे माझ्याकडूनच एका कागदावर लिहून घेतलीत. पाठवून झालेले ईमेल पुन्हा उघडून वाचणे, हे त्यातले पहिले चिन्ह. नव्या जबाबदारीचे पत्र हाती आले आणि गेल्या आठवड्यात ते चिन्ह पुन्हा दिसू लागले. मी ठरल्याप्रमाणे भाकीत लिहिले आहे, प्रयोग ठरवला आहे आणि आपल्याकडची पुढच्या महिन्यातली वेळही घेतली आहे. या खेपेला नोंदी पाठकोऱ्या कागदावरच आणीन.

आपला कृतज्ञ,
(नाव आपल्याला ठाऊक आहेच)