घाट उतरताना ‘डी’वर विसंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर ऑटोमॅटिक गाड्यांची तुलना वाचली. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, स्पोर्ट मोडमध्ये स्टिअरिंग किती जड होते, पॅडल शिफ्टरने, म्हणजे स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्यांनी, गाडी चालवायला कशी मजा येते, सगळे त्यात आले. घाट उतरताना याच पॅडलचा काय उपयोग, यावर मात्र एक ओळ नव्हती. वाई-पाचगणी रस्त्यावर माझे लहानसे गॅरेज आहे. पसरणी घाट उतरून आलेल्या गाड्या आमच्या दारात थांबतात, म्हणून लिहावेसे वाटले.

जोडून सुट्ट्या आल्या की दुपारनंतर ठरलेल्या तक्रारी सुरू होतात. ‘चाकातून जळका वास येतोय’, ‘ब्रेक पार खाली जातोय’. चाक उतरवून बघावे तर डिस्कवर निळसर झाक आणि पॅडला चकाकी आलेली. असे पॅड डिस्कला धरत नाहीत, नुसते घासत राहतात. गाडी बहुधा नवी, ऑटोमॅटिक. मालक म्हणतात, ‘अहो, आम्ही तर अगदी हळू आलो, ब्रेकवरचा पाय काढलाच नाही.’ दुखणे नेमके तिथेच असते.

ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच निवडते) असताना इंधन वाचवायला बघतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की त्याला वाटते इंजिनाला आता काम नाही. तो वरचा गिअर टाकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ अडवतच नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून आपणहून गिअर उतरवतात, पण सगळ्या नाही, आणि दरवेळी पुरेसा नाही. इको मोड लावलेला असेल तर आणखीच पंचाईत, कारण वरचा गिअर लवकर टाकणे हेच त्याचे काम.

भार म्हणजे किती, तेही सांगतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना सुमारे बाराशे मीटर उंची कमी होते. माणसे आणि सामान धरून दीड टनाची गाडी एवढी खाली आणायची म्हणजे जवळपास पाच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची. दोन किलोवॉटचा गिझर अडीच तास चालू ठेवावा, तेवढी ही उष्णता. थोडी वारा आणि टायर खातात. बाकीची इंजिनाने घेतली नाही तर ती चार चाकांच्या ब्रेकमध्येच जाणार. त्यात ब्रेक ऑइल जुने असेल तर बघायलाच नको. नवे ‘डॉट ४’ प्रकारचे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा पिऊन जुने झाले की हीच मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, ब्रेकचे पेडल मऊ पडते आणि गाडी थांबत नाही. बहुतेक गाड्यांत दोन वर्षांनी ऑइल बदलायचे असते. ते किती जण बदलतात, हे मला विचारू नका.

स्टिअरिंगमागचे डावे, वजा खुणेचे पॅडल खरे तर यासाठी आहे. उतार लागण्याआधीच एकेक करून गिअर खाली आणायचा, दुसरा किंवा तिसरा, आणि इंजिनाला गाडी धरू द्यायची. आवाज वाढतो, इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा तीन-चार हजारांवर जातो. घाबरायचे कारण नाही, इंजिन त्यासाठीच बनले आहे. झेपणार नाही असा गिअर मागितला तर गाडी तो टाकतच नाही. ब्रेक मग वळणापुरता, दाबून लगेच सोडायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे जुने ड्रायव्हर पहिल्यापासून सांगत आले. ऑटोमॅटिक आली म्हणून उतार बदलला नाही.

एक गोष्ट बहुतेकांना कोणी सांगितलेलीच नसते. ‘डी’मध्ये असताना पॅडल दाबले तर तो गिअर तात्पुरता असतो, थोड्या वेळाने गाडी परत आपल्या मर्जीवर जाते. मग लोक म्हणतात, पॅडल बिघडले. घाटात लिव्हर ‘एम’मध्ये (मॅन्युअल) टाकावी, म्हणजे निवडलेला गिअर टिकतो. पॅडल नसलेल्या एएमटी गाड्यांत (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र बदलते) लिव्हरवरच अधिक-वजा असते. सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये खरे गिअर नसतात, तरी होंडा सिटीसारख्या गाडीत पॅडलने सात कृत्रिम टप्पे मिळतात. इतर सीव्हीटींत ‘एस’ (स्पोर्ट) किंवा ‘एल’ (लो) वापरावे. जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला ‘२’ आणि ‘एल’ असायचे. नेक्सॉन ईव्हीसारख्या विजेच्या गाडीत पॅडल दिसते तसेच, पण त्याने रिजनरेशन, म्हणजे मोटरने गाडी अडवून बॅटरीत वीज परत भरणे, कमी-जास्त होते. तिथे मेख अशी की बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती आणखी वीज घेऊ शकत नाही आणि ही ओढ मिळत नाही. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर शंभर टक्के चार्ज करून सकाळी घाट उतरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

पॅडलची एक अडचणही आहे. बहुतेक गाड्यांत ती स्टिअरिंगबरोबर फिरतात, त्यामुळे तीव्र वळणावर डावे कुठे आणि उजवे कुठे कळत नाही. गिअर वळणाआधी, सरळ रस्त्यावर बदलावा. पावसाळ्यात गुळगुळीत रस्त्यावर एकदम दोन गिअर खाली आणू नयेत, चाक घसरते. हॅरिअरसारख्या गाडीत ‘वेट’ मोड असतो, तो अशा वेळी कामाचा. स्पोर्ट मोड गिअर खाली धरून ठेवतो म्हणून कोरड्या घाटात चालून जातो, पण ओल्या रस्त्यावर त्यात ॲक्सिलरेटर फार तिखट होतो.

उतारावर गिअर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडायचे वेड मात्र अजून गेलेले नाही. पुण्यात कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहीत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. चालकाने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. कारवालेही इंधन वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करतात. गंमत अशी की आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन पूर्ण तुटते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला इंधन लागतेच. म्हणजे वाचवायला जातात आणि उलट जाळतात.

आता शोरूमविषयी. गाडी ताब्यात देताना नारळ फुटतो, पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली हातात देऊन फोटो काढतात. सनरूफ कसे उघडायचे, मोबाइल कसा जोडायचा, दाराच्या दिव्याचा रंग कसा बदलायचा, हे अर्धा तास चालते. पॅडलवर बोट ठेवून ‘हे स्पोर्टी ड्रायव्हिंगसाठी’ एवढेच सांगतात आणि पुढे सरकतात. पुस्तिकेत सारे असते, पण पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीसकट कप्प्यात पडून राहते. माझ्याकडे आलेल्या किती तरी गाड्यांत ती पिशवी फोडलेलीही नसते.

लायसन्सच्या चाचणीचेही तसेच. जिथे चाचणीचा चांगला ट्रॅक आहे तिथे चढावर थांबवून गाडी मागे न जाऊ देता पुढे काढायला लावतात. उतारावर कोणता गिअर, हे कोणी विचारत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणे मॅन्युअलवर, घेणे ऑटोमॅटिक. मधली दरी भरून कोण काढणार?

परिवहन विभागाने आणि बांधकाम खात्याने तीन गोष्टी कराव्यात, त्यांना फार पैसा लागत नाही. चाचणीत उताराचा एक प्रश्न घालावा. गाडी देताना उतारावरचे गिअर दाखवले, अशी ग्राहकाची सही घेणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे. आणि घाटमाथ्यावर नुसते ‘वाहन न्यूट्रल करू नका’ न लिहिता, खाली ‘ऑटोमॅटिक गाडी : एम किंवा एल, दुसरा-तिसरा गिअर’ असे मराठीत आणि इंग्रजीत ठळक लिहावे. हा फलक पहिल्या वळणावर नको, पाचगणीच्या टोल नाक्याजवळ हवा, जिथे गाडी थांबलेली असते आणि वाचायला वेळ असतो.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)