बाबांच्या कामाच्या पँटविषयी

ती. बाबा आणि ती. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, या उन्हाळ्याच्या आधी कामासाठी नव्या पँट घ्यायच्या आहेत आणि त्या 'चांगल्या जाडजूड, म्हणजे टिकतील' अशा हव्यात, असे तुम्ही फोनवर म्हणालात. आईचे म्हणणे असे की, योग्य कापड मिळाले तर ती घरीच शिवून देईल. दोन्ही गोष्टींवरचे बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझा दिवस ग्राइंडर, वेल्डिंग आणि पाइपांच्या खड्ड्यांत जात असल्यामुळे या विषयावर माझी मते जरा ठाम आहेत, ती तुम्ही चालवून घ्यालच. त्यातले पहिले मत असे की, कामाची पँट कापड पातळ असल्यामुळे क्वचितच फाटते. बहुतेक वेळा ती कट आणि शिवण चुकल्यामुळे फाटते. जाडी वाढवून तो दोष जात नाही, उकाडा मात्र वाढतो.

टाकून दिलेल्या कोणत्याही जुन्या पँटकडे नीट पाहिले तर हे दिसते. मांडीवरचे कापड अजून धडधाकट असते. आसन, म्हणजे जांघेखालचा भाग, उसवलेले असते, गुडघे विरलेले असतात, मागच्या खिशाचा कोपरा निघालेला असतो आणि मोहरीची मागची कडा टाचेखाली येऊन चिंध्या झालेली असते. म्हणजे सबंध पँटभर जाड कापड घालून उपयोग काय? जेथे झीज होते तेथेच बळ द्यावे आणि बाकीची पँट हलकी ठेवावी, एवढाच माझा आग्रह आहे.

आसनाविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आईला शिवताना त्याचा उपयोग होईल. साध्या पँटमध्ये दोन्ही पायांच्या आतल्या शिवणी आणि पुढची-मागची शिवण अशा चार शिवणी जांघेखाली एकाच बिंदूवर येऊन मिळतात. माणूस उकिडवा बसला, शिडीवर पाय उंच टाकला किंवा पाइपवरून ओलांडून गेला की सगळा ताण नेमका त्या बिंदूवर येतो आणि तेथील टीप सुटते. त्या जागी पतंगाच्या आकाराची, तळहाताएवढी कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, बसवला तर चारही शिवणी एकमेकींपासून दूर जातात, ताण वाटला जातो आणि मांडीला फिरायला जागा मिळते. कळीचे कापड दुहेरी घ्यावे, परंतु आतल्या बाजूला जाड शिवण राहू देऊ नये. दिवसभर घामात चालताना तीच शिवण काचते.

आसन ढगळ ठेवले की मोकळे वाटेल, असा बहुतेकांचा समज असतो आणि बाबा, तुमचाही आहे. पण प्रत्यक्षात उलटे घडते. आसन खाली लोंबत असेल तर पाय उचलताना सबंध पँट कमरेतून खाली ओढली जाते. आसन अंगालगत आणि मांडी सैल, असा कट हवा. शिवाय मागची उंची पुढच्यापेक्षा चांगली जास्त ठेवावी, म्हणजे वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही आणि शर्ट पुन्हा पुन्हा खोचावा लागत नाही.

मांडी सैल हवी याचे दुसरे कारण उष्णतेशी संबंधित आहे. एक लिटर घाम पूर्णपणे वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तरच; नुसता ओघळून बुटात गेला तर त्याचा काही उपयोग नाही. सैल पँटमध्ये प्रत्येक पावलाबरोबर भात्यासारखी हवा आत-बाहेर होते आणि घाम वाळत राहतो. घट्ट पँट ओली होऊन कातडीला चिकटते, मग मांड्या घासून लाल होतात, जांघेत गजकर्ण होतो, आणि या दुखण्याविषयी पुरुषमाणसे शेवटपर्यंत कोणाला सांगत नाहीत.

आता कापड. कापडाचे वजन एका चौरस मीटरला किती ग्रॅम भरते यावर त्याची जाडी सांगतात आणि व्यवहारात त्याला जीएसएम म्हणतात. भारी जीन्सचे कापड साधारण ४०० ते ४७५ जीएसएमचे असते. ते टिकाऊ आहे यात शंका नाही, पण घामाने किंवा पाण्याने एकदा भिजले की जड होते आणि लवकर वाळत नाही. उन्हातल्या कामाला २२० ते २८० जीएसएमचे सुती ड्रिल मला सर्वांत योग्य वाटते. ड्रिलची वीण तिरकी असते, म्हणून त्याच वजनाच्या ताठ कॅनव्हासपेक्षा ते अंगावर मऊ पडते आणि गुडघ्यात सहज वाकते. कॅनव्हास घासण्याला उत्तम तोंड देतो, म्हणून तो गुडघ्यावरच्या दुसऱ्या थरासाठी राखून ठेवावा. बारीक चौकटी दिसणारे रिपस्टॉप नावाचे कापडही मिळते. त्यात ठराविक अंतरावर दणकट धागे घातलेले असल्याने खिळ्यात अडकून पडलेले भोक पुढे फाटत जात नाही. तरीही फाटणे वेगळे आणि घासून झिजणे वेगळे. सतत गुडघ्यांवर काम करणाऱ्याला रिपस्टॉपचा मोठासा फायदा होत नाही.

सुती कापडाचा एक गुण फारसा कोणी विचारात घेत नाही: ओला झाल्यावर कापसाचा धागा कमजोर न होता उलट अधिक मजबूत होतो. त्याचा दोष असा की, तो पाणी धरून ठेवतो. नेहमीच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषून घेतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही घेत नाही. म्हणूनच पॉलिएस्टर लवकर वाळते, आणि म्हणूनच ते अंगावर कोंदट वाटते. दोन्हींच्या मिश्रणाचे कापड, ज्याला आपण टेरिकॉट म्हणत आलो, ते कमी आटते, कमी चुरगळते आणि घासण्यालाही बऱ्यापैकी टिकते. जेथे आगीचा संबंध नाही, म्हणजे रंगकाम, सुतारकाम, मालाची चढ-उतार, तेथे ते वापरायला माझी हरकत नाही.

मात्र बाबा, तुम्ही मधूनमधून वेल्डिंग करता आणि ग्राइंडर तर रोजच चालवता, म्हणून तुमच्यासाठी माझी पूर्ण हरकत आहे. पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते; वितळलेले पोलाद साधारण १५०० अंशांचे असते. वेल्डिंगचा एक थेंब उडून सुती कापडावर पडला तर तेथे बहुधा काळा डाग पडतो किंवा भोक पडते आणि कडा राख होऊन गळते. तोच थेंब पॉलिएस्टरवर पडला तर कापड वितळून कातडीला चिकटते आणि ते काढताना कातडी निघते. मिश्रणाच्या कापडात तर कापूस जळत राहतो आणि वितळलेले पॉलिएस्टर त्याला धरून राहते. त्यामुळे दुकानदाराने 'यात सुतीही आहे' असे सांगितले तरी त्यावर जाऊ नये. आतले लेबल वाचावे आणि त्यावर शंभर टक्के कापूस लिहिलेले असेल तरच घ्यावे. ताणता येणाऱ्या कापडात दोन-तीन टक्के इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा, असतो. एरवी उठ-बस करायला असे कापड फार सुखाचे असते, पण ठिणग्यांच्या कामाला त्याऐवजी कळी असलेली सैल सुती पँटच चांगली.

साधी सुती पँटसुद्धा पेट घेऊ शकते, हे विसरून चालणार नाही. वेल्डिंगचे काम वाढणार असेल तर त्यासाठी खास तयार केलेली, ज्वाला पसरू न देणारी पँट घ्यावी आणि तिच्या लेबलवर आयएसओ ११६११ हे मानक आहे का ते पाहावे. त्यात दोन वर्ग आहेत. वितळलेल्या धातूचे थेंब एकामागून एक टाकून मागच्या बाजूचे तापमान ४० अंशांनी वाढायला किती थेंब लागतात हे त्यात तपासतात. पहिल्या वर्गाला किमान १५ आणि दुसऱ्या वर्गाला किमान २५ थेंब लागावे लागतात. तुमच्या अधूनमधूनच्या कामाला पहिला वर्ग पुरेसा आहे. डोक्यावरच्या पाइपला वेल्डिंग करताना सगळा वर्षाव अंगावरच होतो, त्याला मात्र दुसरा वर्गच हवा.

ठिणग्यांसाठी शिवणीतही काही पथ्ये आहेत. मोहरीला बाहेरून दुमड ठेवू नये, कारण ठिणगी नेमकी त्या दुमडीत जाऊन बसते आणि पायाला चटका बसेपर्यंत कळत नाही. त्याच कारणाने पँट बुटात खोचू नये, बुटावरून खाली सोडावी. उघड्या खिशांना झाकण लावावे. फाटून दशा लोंबत असतील तर त्या कापून टाकाव्यात. धाग्यांचे टोक कापडापेक्षा लवकर पेटते.

गुडघे हा तुमचा खरा प्रश्न आहे. मांडीच्या निम्म्यापासून नडगीपर्यंत वरून दुसरा थर लावावा, पण त्याची खालची कडा पूर्ण शिवून टाकू नये. खालून उघड ठेवली तर आत शिरलेली माती आणि लोखंडाचा कीस झटकून काढता येतो, शिवाय गुडघ्याची गादीही आत सरकवता येते. गादीची जागा उभे राहून ठरवली तर ती चुकते. गुडघे टेकून बसल्यावर गुडघा जेथे येतो तेथे खडूने खूण करावी. आई, ही खूण बाबांना प्रत्यक्ष बसवूनच कर. 'अंदाजाने कर' असे ते म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नकोस.

शिवणीसाठी आतल्या आणि आसनाच्या शिवणीला कडा एकमेकींत दुमडून किमान दुहेरी आणि जमल्यास तिहेरी टीप घालावी. खिशांच्या कोपऱ्यांवर दाट आडवे टाके घालून ते पक्के करावेत. कामगारांच्या खिशांचे कोपरे फाटतात ही तक्रार फार जुनी आहे: अमेरिकेतल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने त्यावर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली आणि २० मे १८७३ रोजी त्याला व लेव्ही स्ट्रॉस कंपनीला तिचे पेटंट मिळाले. जीन्सचा जन्म त्यातून झाला. तुमच्या पँटला मात्र रिव्हेट नकोत, कारण आचेजवळ धातू तापतो. दाट टाके पुरेसे आहेत.

खिशांविषयी एवढेच की, पान्हा आणि पक्कड पँटच्या खिशात ठेवायची सवय सोडावी. वजन कमरेच्या वेगळ्या पट्ट्यावर घेतले तर पँट खाली ओढली जात नाही. पट्ट्याच्या लूप रुंद आणि जास्त असाव्यात, विशेषतः मागच्या मध्यावर एक हवीच. रंग मातकट किंवा करडा घ्यावा. काळा उन्हात तापतो आणि फिका पहिल्याच दिवशी मळतो.

आणखी एक सावधगिरी. एखाद्या दिवशी बॅटरीचेही काम असेल तर त्या दिवशी जुनी पँट घालावी. बॅटरीतले आम्ल कापूस खाऊन टाकते आणि भोके लगेच न दिसता धुतल्यावर दिसतात, मग धुणाऱ्यावर आळ येतो. सिमेंटचे उलटे आहे: त्याने कापसाला फारसे काही होत नाही, पण ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे भिजलेल्या गुडघ्यांतून कातडी भाजते आणि सुरुवातीला दुखतही नाही. गुडघे सिमेंटने ओले झाले तर काम थांबवून पँट बदलावी आणि पाय भरपूर पाण्याने धुवावेत. 'एवढे संपवतो आणि मग' हे तुमचे वाक्य मला पाठ आहे.

तयार पँट घेणार असाल तर दुकानात ती घालून उकिडवे बसावे, गुडघा छातीपर्यंत उचलावा आणि दोन्ही गुडघ्यांवर टेकून पुढे वाकावे. आरशासमोर उभे राहून पँट कळत नाही. नंतर ती उलटी करून आतल्या शिवणी पाहाव्यात. दोन्ही बाजूंनी कापड ओढल्यावर टाक्यांमधून उजेड दिसत असेल तर ती परत ठेवावी.

आई, कापड आणल्यावर कापण्यापूर्वी ते गरम पाण्यात भिजवून वाळव, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि पँट आखूड होते. कामाच्या पँट घरच्या कपड्यांबरोबर भिजवू नकोस. कोरडी धूळ आधी घराबाहेर झटकावी, तीसुद्धा बाबांनी स्वतः, तोंडावर मास्क लावून. ती धूळ तुझ्या फुफ्फुसांत जायचे कारण नाही. कापड मऊ करणारे द्रव वापरू नकोस, त्याने कापडाची घाम शोषण्याची शक्ती कमी होते. खास वेल्डिंगची पँट घेतली तर तिला ब्लीच अजिबात लावू नये. तेलाने चिंब झालेली पँट मात्र दोनदा धुऊनही वास गेला नाही तर ठिणग्यांच्या कामाला घालू देऊ नकोस, कारण मुरलेले तेल पेट घेते.

एक पँट अंगावर, एक वाळत आणि एक धुतलेली, अशा तीन हव्यात. तिन्ही एकदम शिवायची घाई नको. पहिली एक शिवावी, बाबांनी ती महिनाभर कामावर वापरावी आणि आसन, गुडघा, कंबर कोठे ओढते ते सांगावे. त्याप्रमाणे उरलेल्या दोन कापता येतील. मापे मला या आठवड्यात कळवा: कंबर, बैठक, मांडीचा घेर, आतली लांबी बूट घालून, आणि पुढच्या पट्ट्यापासून जांघेखालून मागच्या पट्ट्यापर्यंतचे आसन, तेही खुर्चीवर बसवून घेतलेले. कापड मी इकडून पाठवते.

तुमची,
मुलगी