खुर्ची विणणाऱ्या काकांना, बाबांच्या हॅटबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन फक्त बोलायला वापरता, तेव्हा हे तुमची नातच वाचून दाखवील. सावकाश वाच गं, घाई करू नकोस.

मार्चमध्ये तुम्ही आमच्या जिन्याखाली आरामखुर्ची विणत बसला होतात आणि मी बाबांची हॅट घेऊन समोर उभी राहिले. "ताई, हे माझं काम नाही," म्हणालात. मग हात पुसलेत आणि हॅट उजेडाकडे धरलीत. माथ्याला पुढे जिथे चिमटीत धरून आपण ती उचलतो, तिथेच दीड इंचाची भेग. तिच्यातून उन्हाची तिरीप थेट तुमच्या सदऱ्यावर पडली.

बाबा बोटीवर होते. 1987 साली इक्वेडोरच्या ग्वायाकिल बंदरात जहाज केळी भरायला लागलं होतं, तेव्हा घेतलेली ही हॅट. सगळे तिला पनामा म्हणतात, पण ती विणतात इक्वेडोरमध्ये. पूर्वी पनामामार्गे जगभर जायची म्हणून नाव चिकटलं. आई मात्र 'साहेबाची टोपी' म्हणायची. गिरगावच्या दमट हवेत तीस वर्षं खुंटीवर होती, काही झालं नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत आल्यावर ती लोखंडी कपाटावर गेली आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात चिमटीपाशी तडकली. मी शहाणपणा करून झटपट चिकटणारा गोंद लावला. आठ दिवसांत त्या डागाच्या कडेनं नवी चीर!

तुम्ही नखानं तो डाग टकटक वाजवलात. "हा दगड झालाय. मधलं वाकेना, म्हणून शेजारचं मोडलं." मी डाग खरवडायला निघाले तर, "राहू दे, गवतही निघून येईल." वेत तुम्ही रात्रभर भिजवता, म्हणून मी विचारलं, हॅट बादलीत बुडवू का? तुमचा चेहरा मला अजून आठवतो. "हिला आंघोळ नको. वाफ दे."

मग तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आलात, किटली ठेवायला लावलीत आणि भेग वाफेवर वीतभर उंच धरून अर्धा मिनिट शेकलीत. एवढा वेळ कुरकुरणारं गवत बोटाखाली ओल्या सुतळीसारखं लवलं. सुटलेली टोकं तुम्ही एकमेकांत सरकवलीत. मला वाटतं, तेवढं करताना तुम्ही श्वासही घेतला नाहीत. पुढचं काम मला सांगून तुम्ही खुर्चीकडे परत गेलात.

ते रात्री केलं. बाबांच्या जुन्या मलमलच्या धोतराचा भेगेहून जरा मोठा तुकडा चहाच्या पाण्यात रंगवला, वाळवला. तुम्ही बजावल्याप्रमाणे गोलच कापला, कोपरे असले की ते आधी उचकटतात. थोडं पाणी घातलेला फेविकॉल पातळसा लावून तो आतून बसवला. खाली पालथं पातेलं, त्यावर चिकटू नये म्हणून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक, आणि वर पुरचुंडीत बांधलेले तांदूळ. पातेल्याचं तुम्ही सांगितलं होतं, तांदळाची अक्कल माझी. सकाळी पाहिलं तर भेग मिटलेली, पण गोंदाचा जुना तपकिरी डाग तसाच. तो आता जन्माचा.

फोनवर सांगितलेलं पुन्हा एकदा लिहिते. तिकडच्या त्या विणकामाचं नाव 2012 मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलंय. तोकिया नावाच्या, ताडासारख्या दिसणाऱ्या झाडाच्या पानांचे धागे काढून ते उकळतात, वाळवतात. एका हॅटला एक दिवसही लागतो आणि फार बारीक वीण असेल तर आठ महिनेही. किनाऱ्यावरच्या पिले गावात अतिबारीक हॅट विणतात, आणि त्यासाठी हवा ठरावीकच लागते. फोनवर मी हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग? गिरगावात टिकली ती काय उगाच?" आणि लगेच, "आठ महिने एका टोपीला! त्यांना गिऱ्हाईक घाई करत नाही वाटतं." तो टोला मला होता, कळलं. आरामखुर्चीसाठी मी तुम्हाला चार वेळा फोन केला होता.

हॅटचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "मी काय केलं, वाफ तुमच्या गॅसची." असं म्हणून निघून गेलात, आणि आभार मानायचे राहिले, म्हणून हे पत्र.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. रोज सकाळी सारसबागेत हॅट घालून जातात. कपाळाला ठिगळ लागतं अशी तक्रार पहिले दोन दिवस झाली, मग विसरले. मात्र हॅट अजूनही चिमटीतच धरून उचलतात. "बाबा, कडेला धरा!" असं मी रोज ओरडते. चाळीस वर्षांची सवय, ऐकतात कुठले.

आणि हो, दुसऱ्या खुर्चीची बैठक मागच्या बाजूनं सुटायला लागली आहे. दिवाळीच्या आधी जमेल का? या वेळी एकदाच फोन करीन.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची, किटलीवाली